एका मजल्याची दुरुस्ती

४ फेब्रुवारी

धाकटे,

पत्राचा मायना मुद्दाम गाळला आहे. मी दिलेला आशीर्वाद तू घेशील की नाही याची खात्री नाही, आणि खात्री नसलेली गोष्ट मी कागदावर उतरवत नाही, हे तुला ठाऊक आहे.

वर्ष होत आले. तू लिहिले नाहीस, मीही लिहिले नाही. तुझे कारण विचारत नाही. माझे एवढेच, की पहिले वाक्य मनाजोगते उतरत नव्हते. तुझा नवरा असता तर यावर खदखदून हसला असता. त्याच्या खुर्चीत मी तोंड उघडून बसले की म्हणायचा, ‘‘ताई, तुमचे दात तुमच्या भाषेसारखेच आहेत हो. एकही वाकडा नाही, आणि सगळे चावायला तयार.’’ दंतवैद्यांच्या विनोदाला दाद द्यायची नाही असा माझा शिरस्ता होता. आता द्यावीशी वाटते.

कामाचे लिहिते. नव्या सरकारने नेमलेला चौकशी आयोग आमच्या नभोवाणी केंद्रात दोन महिने ठाण मांडून बसला आहे. सकाळी सातच्या कार्यक्रमात ज्या घरांचे पत्ते वाचले गेले, त्या प्रत्येक घराची स्वतंत्र फाइल झाली आहे. तुझ्या घराची सुनावणी सव्वीस तारखेला आहे. त्यात आरोपी म्हणून उभी आहे ती आमची टायपिस्ट.

त्याचे असे झाले. तो कार्यक्रम करणारा निवेदक (सकाळी सातला आरवतो म्हणून आम्ही त्याला कोंबडा म्हणत असू) सरकार पडताच परदेशी पळाला. तिथून त्याने वकिलामार्फत लेखी जबाब पाठवला आहे: ‘माझ्या हस्ताक्षरातील मूळ कागदावर मी तिसरा मजला लिहिला होता. टाइप होऊन हाती आलेल्या प्रतीत दुसरा होता. समोर होते ते मी वाचले.’ आयुष्यात प्रथमच त्या माणसाने एखादा तपशील अचूक सांगितला आहे. मूळ कागद सापडत नाही. टाइप केलेल्या प्रतीच्या तळाशी नियमानुसार टायपिस्टची आद्याक्षरे आहेत. ती तुझ्या नवऱ्याची रुग्ण होती. त्याने तिची किडकी दाढ ठेवून चांगली काढली, त्यावरून दवाखान्यात तिने आरडाओरडा केला, असे आमचे संचालक सांगतात. आयोगाला हेतू हवा असतो. तो सापडला.

मला तुझ्याकडून चार ओळी हव्या आहेत. त्या अखेरच्या आठ दिवसांत टायपिस्ट एकदा तरी तुमच्याकडे दुसऱ्या मजल्यावर येऊन गेली होती, एवढे लिहून सही करून पाठव. तिसऱ्या मजल्यावरचे तुमचे घर सोडून तुम्ही खालच्या शेजाऱ्याच्या बंद घरात लपायला गेल्याचे तिला कळले असलेच पाहिजे, कारण बाहेरच्या अन्य कोणाला ते माहीत नव्हते.

मसुदा सोबत जोडला आहे. तू फक्त तुझ्या अक्षरात उतरवून काढ. शब्द बदलू नकोस. विचार करून योजले आहेत.

ताई


११ फेब्रुवारी

धाकटे,

उत्तर नाही. मसुदा तुला पसंत पडला नसावा, किंवा तू तो वाचलाच नसावास.

मागे तू मला फोनवर विचारायचीस, ‘‘ताई, तुमच्या त्या केंद्रात चाललंय तरी काय?’’ आणि मी म्हणायचे, ‘‘मी भाषा बघते.’’ हे उत्तर तुला चीड आणत असे. मला ते पुरेसे वाटे. आज सविस्तर देते.

कोंबड्याची मला पहिल्या दिवसापासून शिसारी होती. क्रियापद कुठे टाकावे याचा पत्ता नाही, एकच विनोद तीनदा, आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसणे. नदीपलीकडून पूर्वी येऊन इथे वसलेल्या माणसांना तो वाळवी म्हणायचा. मी त्याविरुद्ध लेखी तक्रार केली होती, ती आजही फायलीत असेल. तक्रार अशी होती, की एका पानात हा शब्द नऊ वेळा येतो आणि त्यामुळे निवेदन कंटाळवाणे होते. संचालक तो कागद हातात घेऊन हसले होते. ‘‘फूटपट्टी,’’ म्हणाले (केंद्रात मला हेच नाव आहे, आणि मी ते पदवीसारखे मिरवले), ‘‘ऐकणारे मोजत बसत नाहीत.’’

मग त्याने ते सदर सुरू केले: ‘आज चहाला कोणाकडे?’ रोज तीन-चार नावे. हे पलीकडचे गृहस्थ, अमुक गल्ली, अमुक घर. चला मंडळी, एकदा चौकशी करून येऊ. पहिल्या आठवड्यात लोक त्या दारांसमोर जाऊन नुसते ओरडून येत. दुसऱ्या आठवड्यात दगड गेले. तिसऱ्या आठवड्यापासून ज्या घरी मंडळी जाऊन आली, त्या घरी परत कोणी चहा केला नाही. तू हे सगळे जाणतेस. मला हे कागदावर एका ओळीत मांडताना कसे वाटते ते पाहायचे होते. वाक्य नीट उतरले आहे. त्याचीच भीती वाटते.

त्या तीन आठवड्यांत केंद्राकडे निषेधाचे एकही पत्र आले नाही. आणि मग एका सकाळी कोंबड्याने पत्ता चुकवला. कापडाच्या गोदामामागे एकाच क्रमांकाची दोन घरे आहेत; जमाव भलत्याच घरात शिरला. ते कुटुंब आपल्यातले निघाले. म्हाताऱ्या वडिलांचे दोन्ही डोळे गेले. दुसऱ्या दिवशी एकेचाळीस पत्रे आली. लोकांचा संताप अनावर झाला होता: केंद्र इतके बेजबाबदार कसे?

दिलगिरीचे निवेदन मी लिहिले. ते मला पाठ आहे. ‘कालच्या कार्यक्रमात एका घराचा पत्ता अनवधानाने चुकीचा प्रसारित झाला. त्यामुळे एका निरपराध कुटुंबाला जो त्रास सोसावा लागला, त्याबद्दल केंद्राला मनःपूर्वक खेद आहे. यापुढे अशी चूक होणार नाही.’ संचालकांनी मला खोलीत बोलावून अभिनंदन केले. मी आनंदाने परत आले. ‘निरपराध’ हा शब्द मी कोणत्या घरासाठी वापरला आणि कोणत्या घरांसाठी नाही, हे त्या दिवशी माझ्या ध्यानात आले नाही. शब्दांवर पोट भरणाऱ्या बाईच्या.

त्याच संध्याकाळी परिपत्रक निघाले: यापुढे त्या सदरातील प्रत्येक नाव, व्यवसाय आणि पत्ता भाषा विभागाकडून तपासून घ्यावा. तीन वर्षे मी मागत होते की कोंबड्याचे कागद माझ्या टेबलावरून जावेत. ते जाऊ लागले.

पण तुझ्या घराचा कागद माझ्याकडे आला नव्हता. त्या दुपारी मी संचालकांच्या खोलीत होते. ते तसे आयोगाला सांगणार आहेत. त्यांचे सही-शिक्के त्या परिपत्रकावर आहेत, त्यामुळे मला वाचवण्यात त्यांचाही जीव अडकला आहे, हे मला कळते. मी मूर्ख नाही.

आणखी एक. येत्या सव्वीसला त्या सदराला वर्ष होते. त्यानिमित्त केंद्र जनतेची जाहीर क्षमा मागणार आहे. मसुदा माझ्याकडे आला आहे. दुसऱ्या कोणाला जमणार नाही म्हणाले. तीन लिहून फाडले. चौथा मनासारखा उतरत होता, तेवढ्यात शेवटचे वाक्य आपोआप आले: यापुढे अशी चूक होणार नाही.

त्या चार ओळी पाठव.

ताई


१७ फेब्रुवारी

तुझे पाकीट आले. पाकिटावरचे अक्षर पाहून मी ते दोन तास उघडले नाही. टेबलावर ठेवून समोर बसून राहिले.

आत माझेच पहिले पत्र. तू काहीही लिहिलेले नाहीस. फक्त एका ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली आहेस: ‘बाहेरच्या अन्य कोणाला ते माहीत नव्हते.’ आणि समासात, अगदी मी करते तसे, खूण करून दोन शब्द:

‘तुला होतं.’

हो. मला होते.

तू केलेला तो फोन मी विसरले आहे असे तुला वाटत असेल, तर तसे नाही. तू कुजबुजत होतीस. ‘‘ताई, आम्ही खाली आलोय, दुसऱ्यावर. शेजारी गावाला गेलेत, त्यांनी किल्ली दिलीय. दारावर पाटी त्यांची. मी सकाळी कामावर जाताना बाहेरून कुलूप लावते, म्हणजे बघणाऱ्याला घर बंद वाटतं. दहा दिवसांत गाडीची सोय होतेय. तू कोणाला बोलू नकोस हं.’’ मी जरा रागावूनच म्हटले होते, ‘‘मी कधी कोणाला काही बोलते का?’’

बोलले नाही, धाकटे. मी शब्दाला जागले. मी कोणाला काही बोलले नाही.

तो कागद माझ्याकडे आला होता. मागील पत्रात मी खोटे लिहिले. संचालकांच्या खोलीत मी नंतर गेले, आधी कागद तपासून. पण तू एक समजून घे: तपासणे आणि वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीस वर्षे मी तपासते आहे. तपासणारा अर्थात शिरला तर चूक निसटते. मी डावीकडून उजवीकडे जाते: नाव, व्यवसाय, पत्ता; नाव, व्यवसाय, पत्ता. त्या कागदावर चार नोंदी होत्या. चौथ्या नोंदीत ‘दातांचे डॉक्टर’ होते, ते मी ‘दंतवैद्य’ केले. पुढे ‘तिसरा मजला’ होते. ते वस्तुस्थितीला धरून नव्हते. हात चालला. तिसरा खोडला, वर दुसरा लिहिले. समासात खूण. खाली आद्याक्षरे. पुढचा कागद.

नाव मी पाहिले, वाचले नाही. असे होते. खरोखर होते. कोणत्याही तपासणाऱ्याला विचार.

आता टायपिस्टबद्दल. तिला शिक्षा झाली तरी ती फार नसेल, असे संचालक म्हणतात. पाच-सात वर्षे. ती एकटी आहे. तिच्या मागे कोणी नाही.

हे वाक्य मी लिहिले आहे, आणि ते खोडत नाही, कारण मी कोण झाले आहे हे तुला कळावे.

ताई


२२ फेब्रुवारी

धाकटे,

काल टायपिस्टकडे गेले होते. तिला शहर सोडण्याची मनाई आहे. रोज सकाळी ठाण्यात जाऊन हजेरी द्यायची आणि घरी येऊन बसायचे. कापडाच्या दुकानावर तिची एक खोली आहे. टेबलावर टाइपयंत्राचे कापडी झाकण नीट घडी घालून ठेवलेले. यंत्र आयोगाने जप्त केले, झाकण न्यायचे विसरले.

मी कशाला गेले होते ते प्रामाणिकपणे सांगते. तिला काय आठवते ते काढून घ्यायला.

‘‘तुम्ही कशाला आलात बाई?’’ दार उघडताच ती म्हणाली. ‘‘कोणी बघितलं तर म्हणतील, दोघी मिळून जुळवाजुळव करतायत. या, बसा. चहा टाकते. तुम्हाला साखर अर्धा चमचा, माहितेय मला.’’

‘‘तू आयोगाला काय सांगितलंस?’’

‘‘जे होतं ते. समोर येतं ते मी टाइप करते. त्यांनी विचारलं, मूळ कागदावर खाडाखोड होती का? म्हटलं, असेल. कोणाच्या हातची? म्हटलं, आठवत नाही.’’

‘‘आठवत नाही?’’

तिने माझ्याकडे असे पाहिले, की तीस वर्षांत माझ्याकडे असे कोणी पाहिले नव्हते. कीव होती. ‘‘पंधरा वर्षं तुमची पेन्सिल टाइप केलीय मी. डोळे बांधले तरी बोटांनी ओळखीन.’’

‘‘मग सांगितलं का नाहीस?’’

‘‘मला वाटलं, तुम्ही सांगाल.’’ चहाचा कप माझ्यापुढे सरकवून ती म्हणाली, ‘‘तारीख आहे अजून.’’

मी दाढेबद्दल विचारले. स्वतःला सावरायला काहीतरी विचारायला हवे होते.

‘‘किडकीच होती हो ती. दुखलं म्हणून मीच कोकलले, सगळा दवाखाना गोळा केला. दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेले तर डॉक्टर म्हणतात कसे, एवढा आवाज आहे तर टायपिंग कशाला, निवेदक व्हा!’’ ती हसली, आणि हसता हसता तिचे तोंड वाकडे झाले. ‘‘बाई, एक सांगू? त्या दिवशी तो कागद माझ्याकडे आला ना, मी बघितलं. त्यांचं नाव, आणि तुमची दुरुस्ती. त्यांचं घर तिसऱ्यावर, हे मला ठाऊक होतं, पेशंटच होते मी. तुम्ही दुसरा केलेला. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम चुकीचा मजला घातलाय. लोकांनी भलत्या दाराशी जावं म्हणून. मनात म्हटलं, वाकली! फूटपट्टी एकदाची वाकली! इतकं बरं वाटलं मला. त्या सबंध महिन्यात आनंदानं टाइप केलेला तेवढा एक कागद.’’

मी चहा ढवळत राहिले.

‘‘तसंच ना बाई?’’ ती म्हणाली. ‘‘ते खाली राहायला गेलेत हे तुम्हाला माहीत नव्हतं. तसंच ना? नुसती खोटी दुरुस्ती केलीत, आणि नेमकी लागली. मी वर्षभर तेच धरून बसलेय. म्हणून बोलले नाही. म्हटलं, ज्या बाईनं जन्मात एकदाच वाकडं पाऊल टाकलं, तेही माणूस वाचवायला, तिला मी कशी पकडून देऊ?’’

चहा तसाच टाकून मी निघून आले. जिन्यात कठड्याला धरून उभी राहिले.

धाकटे, त्या कागदाचे एक टोक चांगुलपणाकडे जात होते आणि मला ते दिसलेही नाही. चुकीचा मजला तसाच ठेवला असता तर झाले असते. मला काही करायचेच नव्हते. शूर व्हायचे नव्हते, खोटे लिहायचे नव्हते, फक्त एक चूक, दुसऱ्याची चूक, होती तशी जाऊ द्यायची होती. जमाव तिसऱ्या मजल्यावर गेला असता, रिकामे घर फोडून शिव्या देत परत गेला असता. दोन दिवसांनी तुमची गाडी येणार होती.

मागील पत्रातले ‘पाहिले, वाचले नाही’ हेही खोटे आहे. मी वाचले. नाव वाचले आणि पेन्सिल थांबली. अर्धा मिनिट असेल. त्या अर्ध्या मिनिटात काय आले मनात, ते ऐक, कारण हे मी उद्या कोणाला सांगू शकेन असे वाटत नाही. तुझा चेहरा आला नाही. त्याचाही नाही. मनात आले ते हे: संचालकांना द्यायचा अहवाल तयार आहे, नऊ दिवस, तेहतीस पत्ते, चुका शून्य. हा चौतिसावा चुकला तर उद्या कोंबडा सगळ्या केंद्रात सांगत सुटेल, फूटपट्टीच्या नाकाखालून गेली म्हणून. आणि मग आले, की मी आत्ता दुरुस्ती करते, संध्याकाळी धाकटीला फोन करते, रात्रीतून ते दुसरीकडे जातील. दोन्ही साधेल. कागद बिनचूक, माणूस सुखरूप.

इतकी हुशार बाई.

फोन केला. दोनदा केला. लागला नाही. तिसऱ्यांदा फिरवत होते तेव्हा संचालकांचे बोलावणे आले, अहवाल घेऊन या. मी रिसीव्हर खाली ठेवला. तासाभराने परतले, तर फोन करायचा आहे हे लक्षात होते; पण तू मला तुच्छतेने ‘तुमचं ते केंद्र’ म्हणतेस ते आठवले, आणि वाटले, सकाळी लवकर करू. सकाळी सातला तू वॉर्डात होतीस. कोणा रुग्णाच्या उशाशी रेडिओ लागला होता, आणि त्यावर तू स्वतःचा पत्ता ऐकलास, नव्या मजल्यासकट. कुलपाची किल्ली तुझ्या खिशात होती. हे मला नंतर तुझ्या मेट्रनबाईंकडून कळले. तू तेव्हाच ओळखले असशील. वर्षभर तू मला एका शब्दाने विचारले नाहीस, त्याचे कारण मी आजवर तुझा अहंकार समजत होते.

तो कागद नोंदी वगळायला माझ्याकडे येत नसे, असे म्हणून मी स्वतःला समजावत आले. तेही टिकत नाही. त्याच नऊ दिवसांत ढिसाळ उपमेपायी मी कोंबड्याचे अख्खे परिच्छेद उडवले आहेत. कोणी मला अडवले नाही.

मूळ कागद सोबत आहे. सरकार पडले त्या आठवड्यात संचालकांनी सगळे कागद भट्टीत टाकायला सांगितले. हा मी काढून घेतला आणि मोठ्या शब्दकोशात ठेवला. का, ते विचारू नकोस. माझ्या हातचा बिनचूक कागद मला जाळवला नाही, हेच खरे असावे.

तो मी स्वतः आयोगापुढे ठेवू शकेन याचा मला भरवसा नाही. मी स्वतःला ओळखते. उभी राहिले की वाक्ये रचू लागेन, आणि रचलेल्या वाक्यात माणसाला लपायला पुष्कळ जागा असते. म्हणून तो तुझ्या ताब्यात देते. सव्वीसला ये. मागे बस. मी खोटे बोलले, किंवा नुसतेच सुरेख बोलले, तर ऊठ आणि तो टेबलावर ठेव. आली नाहीस तर टायपिस्ट जाईल, आणि मी पेन्शनीत निघेन. तू येशीलच असे मी म्हणू शकत नाही. मी फक्त ये म्हणू शकते. ये.

ताई


२७ फेब्रुवारी

धाकटे,

तू आलीस ते मी पाहिले. शेवटच्या बाकावर, कामाच्या पांढऱ्या कपड्यांत, मांडीवर पाकीट. डोळे वर केले नाहीस. पाकिटावर दोन्ही हात होते तुझे.

पुढल्या रांगेत संचालक होते. त्यांनी मला पाहून मान हलवली, आमचे ठरले होते त्याप्रमाणे. आयोगाच्या वकीलबाईंनी विचारले, त्या दिवशी तो कागद आपल्याकडे आला होता का? मी उत्तर रचून नेले होते. सगळी रात्र घासले होते. तोंड उघडले आणि त्यातले एक वाक्य आठवेना. मी म्हणाले, ‘‘आला होता. दुरुस्ती मी केली. माणूस माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा होता. मला माहीत होतं.’’

मागून टायपिस्टचा आवाज आला, ‘‘अरे देवा.’’ ती स्वतः सुटली म्हणून नव्हे. तिचे वर्षभर धरून ठेवलेले काहीतरी गेले म्हणून.

पुढचे तू पाहिलेसच. पण मला ते लिहायचे आहे. कारकुनाने जबाब टाइप केला आणि वाचून दाखवला. ‘...सदर पत्त्यात मी तिसरा मजला अशी दुरुस्ती केली.’

‘‘चूक आहे,’’ मी म्हणाले.

‘‘काय चूक आहे?’’

‘‘तिसरा आधी होता. मी तो खोडून दुसरा केला. तुम्ही उलट लिहिलंत.’’

जेवणाची सुटी टळून गेली होती. तो वैतागला. ‘‘बाई, आता एवढ्यासाठी पान परत टाइप करू? तुम्ही कबूल केलंत, झालं. माणूस गेला तो गेला. एका मजल्यानं काय फरक पडतो?’’

तेव्हा तू उठलीस. बाकांच्या मधून चालत आलीस. पाकीट टेबलावर ठेवलेस आणि त्याला म्हणालीस, ‘‘पडतो.’’

वर्षभरात मी ऐकलेला तुझा एवढाच शब्द, आणि तोही मला उद्देशून नाही.

वकीलबाई म्हणाल्या, टाइप करू नका, साक्षीदार हाताने दुरुस्त करील. मला पेन्सिल दिली. मी तिसरा खोडला, वर दुसरा लिहिले, समासात खूण केली, आद्याक्षरे घातली. त्यांनी पाकिटातला कागद काढून शेजारी ठेवला. दोन्हींवरच्या खुणा त्यांनी बोटाने ताडून पाहिल्या. मग टायपिस्टला म्हणाल्या, ‘‘तुम्ही जाऊ शकता.’’ ती माझ्या शेजारून गेली. थांबली नाही. तू तिच्या पाठोपाठ गेलीस.

मला जिथे ठेवले आहे ती खोली स्वच्छ आहे. पहारेकरीण सकाळी रेडिओ लावते. आज सातला केंद्राची क्षमायाचना झाली. काल संध्याकाळी व्हायची होती; माझ्या जबाबानंतर एक दिवस पुढे ढकलली. माझा मसुदा घेतलेला नाही. संचालकांनी स्वतः लिहिली असावी. ‘गतवर्षीच्या दुर्दैवी काळात केंद्राच्या काही कार्यक्रमांमुळे काही कुटुंबांना क्लेश झाले असल्यास’. काही कार्यक्रम. काही कुटुंबे. असल्यास. ज्या केंद्राने मजला, जिना आणि दाराचा रंग सांगितला, त्याला आता एकाही माणसाचे नाव आठवत नाही. पहारेकरीण म्हणाली, ‘‘झालं की. मागितली ना माफी?’’

मला नावे आठवतात. माझ्या हाताखालून गेलेले चौतीस पत्ते मला तोंडपाठ आहेत: नाव, व्यवसाय, पत्ता. मी आयोगाला अर्ज दिला आहे, की ते सगळे त्याच केंद्रावरून, त्याच वेळेला, पुन्हा वाचले जावेत. या वेळी प्रत्येकापुढे तिथे काय झाले ते जोडून. वकीलबाई म्हणाल्या, बघू. बहुधा होणार नाही. तरी मी यादी लिहायला घेतली आहे. काल संध्याकाळपासून तेहतीस झाले.

चौतिसावी जागा कोरी आहे. यादी सोबत पाठवते. तुझ्या घराचे तू लिही, तुला हवे त्या शब्दांत, हवे तेवढे. नाही तर कोरे राहू दे.

मी तपासणार नाही.